टमरेलवाले पाहुणे

गावात घरोघरी संडास झाले, त्यांच्या दारांना निळा रंग लागला, तरी रोज सकाळी हातात टमरेल घेऊन गावाबाहेर जाणारा एक माणूस उरलाच होता. आमचे पाहुणे. टमरेलही साधं नव्हे. रंगाच्या रिकाम्या डब्याला तारेची कडी लावलेलं, आणि एवढं मोठं की त्यात म्हशीचं रेडकू आंघोळ करून बाहेर आलं असतं. या माणसाच्या पोटाबद्दल गावात ज्या चर्चा चालत, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्यातल्या निम्म्या मी सुरू केल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या लोकांना नीट सांगता येत नव्हत्या म्हणून मी सुधारून दिल्या होत्या.

एवढं मोठं टमरेल म्हणजे तेवढाच मोठा आजार, असं निदान करून माझ्या बायकोने, पुस्तकलाने, त्यांना बेलाचा मुरब्बा पाठवला. मला एकदा ताप भरला तेव्हा हीच बाई म्हणाली होती, "बोलनं कमी करा, उतरते." तेव्हापासून मी त्या माणसावर जळत आलो आहे, असं सांगितलं तर सोयीचं होईल. पण खरं सांगायचं तर मी त्याआधीपासूनच जळत होतो. मुरब्ब्यामुळे फक्त त्याला गोडी आली.

पाहुण्यांना गावात कुणी नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. ते नदीपल्याडचे, बालाघाटकडचे. शेवंताबाई आमच्या गावची लेक, बापाची एकुलती, म्हणून लग्नानंतर हेच इकडे राहायला आले. आमच्याकडे जावयाला पाहुणा म्हणतात, आणि पाहुणा चार दिवसांनी जातो. हे गेलेच नाहीत. केस पिकले, दाढा पडल्या, मिशी तेवढी दर रविवारी कलप लावून काळी राहिली, पण गावाच्या तोंडी ते पाहुणेच.

याचा एक फायदा मात्र त्यांनी पुरेपूर उचलला. बायको गावची लेक, म्हणजे गावातले झाडून सगळे पुरुष त्यांचे साले. सरपंच साला, पोलीस पाटील साला, पिठाच्या गिरणीवाला साला. दुसऱ्या कुणी मला हा शब्द वापरला असता तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसल्या असत्या. हे मात्र भर चौकात मिशीवरून बोट फिरवत विचारणार, "काऊन जी सालेसाहेब, मंडप कुठं हाये आज?" आणि मला हसून उत्तर द्यावं लागणार.

मंडप अशासाठी, की माझा धंदा तो. मंडप, बिछायत आणि माईक. गावातलं लग्न असो, नाटक असो की कुणाची तेरवी, माझ्या आवाजाशिवाय काही सुरू होत नाही. एकदा नाटकाच्या वेळी लाईट गेली, तेव्हा मी नुसत्या तोंडाने घोषणा केली आणि तिकडे चोरखमाऱ्याच्या तलावावरची बदकं उडाली, असं लोक सांगतात. म्हणजे मी सांगतो आणि लोक ऐकतात. अशा माणसाने अशी अपेक्षा ठेवली की गावात पहिलं नाव आपलं निघावं, तर त्यात वावगं काय? आणि निघायचं कुणाचं, तर ज्याचा आवाज शेजारच्या बाजेवर पोचत नव्हता, त्या पाहुण्यांचं.

टमरेलाचं गुपित असं फुटलं. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणारं एक पथक त्या काळात पहाटे गावोगाव फिरत असे. पकडलेल्याला हार घालून लाजवायचं, ही त्यांची पद्धत. कुणीतरी पथकाला कळवलं की आमच्या गावात एक मोठा गुन्हेगार आहे. कुणी कळवलं ते विचारू नका. फोनवरचा आवाज दणदणीत होता, एवढंच पथकवाल्यांनी सांगितलं. पथक गावामागच्या उंचवट्यावर चढलं. पाहुणे एका झुडपाआड उकिडवे बसलेले, शेजारी टमरेल. शिट्ट्या वाजल्या. मी आपला योगायोगाने तिथेच होतो.

"उठा काका! लाज नाही वाटत?" पथकाचे साहेब ओरडले.

"थांबा न जी," पाहुणे मागे न पाहता म्हणाले, "होतच आलं. जरा माती दाबून घेतो."

"माती काय दाबता! उठा आधी!"

"नाई दाबली तं हवा लागते साहेब. मंग जीव नाई धरत ते."

साहेबांचा चेहरा असा झाला, की त्यांनी नोकरी बदलायचा विचार तिथेच केला असावा. शेवटी एका शिपायाने नाक धरून टमरेलात डोकावून पाहिलं. आत ओल्या मातीत करंजाची आणि जांभळाची बोटभर रोपं उभी होती, शाळेतल्या पोरांसारखी एका ओळीत. पाहुण्यांच्या पायाशी आणखी एक रोप लावून झालेलं. लाजवायला आणलेला झेंडूचा हार साहेबांनी त्यांना टाळ्या वाजवत घातला, फोटो काढला, आणि तो फोटो गावाच्या ग्रुपवर माझ्या वाढदिवसाच्या फोटोच्या वर जाऊन बसला. पाहुण्यांनी घरी जाऊन त्या हारातल्या झेंडूचंसुद्धा बी धरलं. शत्रूच्या हाराचं बी धरणाऱ्या माणसाशी लढायचं तरी कसं?

टमरेलाचं कारण मात्र खास आमच्याकडचं. जावयाच्या हातात टिकास-फावडं दिसलं तर सासुरवाडीची नाचक्की होते. लग्नानंतर पाहुण्यांनी एकदा खड्डा खणायला घेतला, तर सासू डोक्यावरचा पदर सावरत धावत आली. "लोक काय म्हनतील बाप्पा! जवायाकडून माती खनवली!" तिने टिकास हिसकावून घेतलं आणि हातात चहाची कपबशी दिली. त्या दिवसापासून ते काही उचलायला गेले की गावातलं कुणी ना कुणी धावत येऊन ते काढून घ्यायचं. मग त्यांनी ही वाट शोधली. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही, कुठे चाललात विचारत नाही, आणि मीही येतो सोबत, असं तर मुळीच म्हणत नाही. सगळं गाव बाहेर जात होतं तोवर ते गर्दीत लपले. संडास झाले आणि ते उघडे पडले. तोवर त्या उंचवट्यावर जे उगवत होतं ते आपोआप उगवतं, असंच गाव धरून चाललं होतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. गावामागे मुरमाचा एक उंचवटा आहे, त्याला बर्डी म्हणतात. पूर्वी तिथे रान होतं म्हणे. आमच्या लहानपणी तिथे एवढीच सावली होती, जेवढी आपण स्वतःची घेऊन जाऊ. बर्डीच्या मधोमध एक धुरा जातो, म्हणजे दोन मालकांमधला बांध. उगवतीकडचा उतार शेवंताबाईंच्या बापाचा, मावळतीकडचा माझा. दोन्हीकडचं पाणी खाली एका नाल्यात उतरतं, आणि नाला सरळ आमच्या टोल्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, शिरतो. टोल्यातलं पहिलं घर माझं. म्हणजे पुराला गावात यायचं असलं की आधी माझ्याकडे हजेरी लावावी लागे. चुलीत मुरूम, हंड्यात बेडूक. एका वर्षी माझ्या बिछायतीच्या गाद्या तरंगत निघाल्या आणि त्यातल्या एकीवर बसून शेजाऱ्याची शेळी पार बाजारचौकापर्यंत गेली, तेही लोडाला टेकून.

हसण्यासारखं त्यात एवढंच होतं. टोल्याच्या खालच्या अंगाची घरं मातीची. दरवर्षी कुणाची ना कुणाची भिंत बसायची आणि ती माणसं पोरं कडेवर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात राहायची. म्हातारी बकाबाई तर आभाळ भरून आलं की आपली भांडी आधीच नेऊन शाळेत ठेवायची. पाहुण्यांनी आल्या आल्या हे पाहिलं होतं. गाव नाला खोल करा म्हणे, रुंद करा म्हणे. पाहुण्यांचं म्हणणं वेगळंच.

"पानी बी पाव्हनाच हाये जी," ते चौकात सांगायचे. "आला का त्याले बसाले जागा पाह्यजे. बर्डीवर बसाले जागा नाई, म्हून तो उभ्या उभ्या तुमच्या घरात घुसते. त्याले वरच बसवा. चहा-पानी घेईल, गप्पा मारील, अन् मंग निवांत जाईल."

यावर लोक हसायचे. पाहुण्यांना थापा मारायची सवय होती, त्यातलीच ही एक धरायचे. थापांच्या बाबतीत मी कुणाला गुरू मानत नाही, पण एक गोष्ट मला आतून खात असे. मी थाप मारली की ती थापच राहायची. हा माणूस थाप मारायचा आणि काही वर्षांनी ती उगवायची. "या मुरमावर तुमच्या नातवाचं लगन सावलीत लावीन," असं ते सरपंचाला म्हणाले होते. सरपंचाच्या नातवाच्या लग्नातली जेवणावळ खरोखर बर्डीवर बसली, आणि तेवढ्या लग्नापुरतं माझ्याकडून मंडपाचं कापड कुणी नेलं नाही. झाडाने धंदा बुडवलेला मी जगातला पहिला मंडपवाला असेन.

पाहुण्यांचा उतार हिरवा झाल्यावर एका पावसाळ्यात जे दिसलं, ते दिसायला नको होतं. दोन दिवस झड लागलेली, आणि सगळं गाव नाल्याच्या तोंडाशी उभं. उगवतीकडून येणारं पाणी उशिरा आलं, कमी आलं आणि आलं ते चहासारखं पातळ, काळपट. मावळतीकडून, म्हणजे माझ्या उतारावरून, लालभडक चिखल उसळत येत होता. दोन्ही धारा एकत्र मिळत तिथे मधोमध रेघ ओढल्यासारखी दिसत होती. लहान पोरंसुद्धा बोट दाखवून सांगू लागली, "हे पाव्हन्याचं पानी, अन् हे मंडपवाल्याचं." पाण्यालाही मालक असतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते लाल पाणी आधी माझ्याच उंबऱ्यावरून आत गेलं.

पुस्तकला पायलीने पाणी बाहेर टाकत होती. म्हणाली, "पाव्हन्याच्या बर्डीवर चारोळी येते, जांभूर येते, मोह येते. तुमच्या बर्डीवर काय येते?"

मी म्हटलं, "काय येते?"

"तुमचा आवाज जाऊन परत येते."

दुसऱ्या दिवशी पाहुणे घरी आले. बाजेवर बसले, पुस्तकलाने न सांगता दुधाचा चहा ठेवला. (मला काळा मिळायचा.) मिशी कोरडी करत ते म्हणाले, "सालेसाहेब, तुमच्या अंगची बर्डी मले द्या झाडं लावाले. जमीन तुमची, झाडं तुमची. खड्डे माहे."

"आणि नाव कुणाचं?" मी विचारलं.

"नाव?" ते खरंच विचारात पडले. "जांभराले जांभूरच म्हनतील न जी."

मी नाही म्हणालो. अर्धं गाव पाहुण्यांच्या रानाचं कौतुक करत होतं. माझाही उतार त्यांनी पिकवला तर उरलेलं अर्धंही करणार, आणि मी लाऊडस्पीकर पुसत बसणार. मी म्हटलं, "पाव्हने, माझ्या जमिनीवर झाडं लावायची तर मी लावीन. आणि अशी लावीन की तुमचं ते झाडझुडूप लोक विसरतील."

"तुमच्यानं नाई होत ते," पाहुणे कप ठेवत म्हणाले, आणि निघून गेले. किती सभ्यपणे बोलले! पण त्या एका वाक्याने मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

मग मी लावली झाडं. टमरेलात आणून नव्हे, ट्रॅक्टरमधून. मंडप उभारणारी माझी माणसं घेतली, दोरी घेतली, आणि मला जे येतं ते केलं. वरून खालपर्यंत सरळ, एका रेषेत रांगा. रांगांच्या मधून झाडून-पुसून रुंद वाटा. वाटेतले दगड वेचून काढले, गवतही खरवडलं. बर्डीच्या माथ्यावरून पाहिलं की वाटावं, आता सनईवाला येणार. मी धुऱ्यावर उभा राहून, पलीकडे वाकडीतिकडी झाडं लावणाऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असा म्हणालो, "याला म्हणतात काम!"

पाहुण्यांनी धुऱ्यावर येऊन बराच वेळ पाहिलं. "सुंदर," ते म्हणाले. "वरात कवा हाये?"

वरात त्याच पावसाळ्यात आली. माझ्या रांगांमधून, माझ्या झाडलेल्या वाटांवरून पाणी जे नाचत निघालं, ते वाटेत कुठेही न थांबता टोल्यात उतरलं. येताना रोपंही घेऊन आलं. पुराला मंडप घालून देणारा मंडपवाला मीच. बकाबाईची न्हाणी वाहून गेली. ती कमरेवर हात ठेवून माझ्या दारात उभी राहिली आणि अख्ख्या टोल्याला ऐकवत म्हणाली, "अरे मंडपवाल्या, माह्या घरी कोनाचं लगन होतं रे बाप्पा? पानी बोलावलंस तं बोलावलंस, मले आधी सांगाचं तरी होतं. भात तरी जास्त टाकला असता!"

त्या दिवशी पाहुणे हसतील म्हणून मी तोंड लपवत होतो. ते हसले नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मला धुऱ्यावर घेऊन गेले आणि विचारलं, "सालेसाहेब, तुमच्या घरी पाव्हना आला तं त्याले दारातून सिद्धा चुलीपाशी नेता का?"

"नाही."

"काय करता?"

"आधी पाय धुवायला पाणी देतो. मग बाज टाकतो. मग प्यायला पाणी, मग चहा, पान-सुपारी..."

"मंग पान्याले काऊन सिद्धं नेलं जी?" त्यांनी काठीने उतारावर आडवी रेघ ओढली. "इथं आडवा चर. इथं पाय धुते. इथं आडवी रांग. इथं बसते. दुसऱ्या रांगेतलं झाड पह्यल्या दोन झाडाच्या मधात, म्हंजे वाट दिसली नाई पाह्यजे. अन् गवत, पालापाचोळा राहू द्या. बिछायत कोन्ता मंडपवाला उचलते हो, पाव्हने बसाच्या आधी?"

बिछायत! माझ्या धंद्यातला शब्द माझ्याच तोंडावर मारला. मी काही बोललो नाही, आणि गावाच्या इतिहासात तशी दुसरी वेळ नाही. पण पुन्हा झाडं लावली. आडवी. मोह, करंज, जांभूळ, बेहडा, नाल्याच्या काठाला बांबू. हे सगळं पाहुण्यांचं ऐकून केलं असं कुणी समजू नये. त्यांना खाली पाहायला लावायचं होतं म्हणून केलं.

त्यानंतरची वर्षं म्हणजे युद्धच. पाहुणे रोज टमरेल घेऊन धुऱ्यावर यायचे, माझ्या एखाद्या रोपाला काठी लावून उंची बघायचे आणि जीभ टाळ्याला लावून च्यक करायचे. "होळीपावतो नाई टिकत हे." झालं! तो सगळा उन्हाळा मी त्या एका रोपाला लग्नातल्या पाण्याच्या ड्रमने पाणी घातलं. ते टिकलं की म्हणायचे, "टिकलं खरं, पन तब्येत नाई त्याची. माहं पाहा." त्यांच्या जांभळाला माझ्याआधी फळ लागलं, तेव्हा मी तापाने पडलो. माझ्या बांबूने त्यांच्या बांबूला मागे टाकलं, तेव्हा मी पेढे वाटले आणि कारण विचारणाऱ्याला नातू झाला असं सांगितलं. माझी म्हैससुद्धा फितूर. रोज धुरा ओलांडून त्यांच्याच करंजाखाली बसायची.

रान वाढलं, आणि बिरसीच्या विमानतळावरून उडणाऱ्या शिकाऊ विमानांना ते वरून दिसू लागलं. ती विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर गिरक्या घेतात. एकदा तिथे कामाला असलेला एक जण म्हणाला की पोरं वळायची खूण म्हणून आमच्या बर्डीवरचं रान धरतात. मी छाती फुगवून विचारलं, "कोणाचं? धुऱ्याच्या या बाजूचं की त्या?" तो म्हणाला, "वरून धुरा दिसत नाही काका." इतकी शिकलेली पोरं, एवढं महागाचं विमान, आणि धुरा दिसत नाही!

मग ते वर्ष आलं, जेव्हा पावसाने उघडायचं नावच काढलं नाही. आजूबाजूच्या गावांत रस्ते तुटले. इकडे सगळा टोला माझ्या दारात जमला, कारण पूर आला तर पहिला इथेच येणार. बकाबाई भांडी घेऊन तयार. पाहुणे माझ्या ओट्यावर, टमरेल मांडीवर. नाला भरत होता, पण माजत नव्हता. संध्याकाळी पाणी माझ्या अंगणात आलं. मी डोळ्यांनी पाहिलं, त्याचा रंग चहासारखा होता, दोन्हीकडचा एकच, मधली रेघ नव्हती. ते उंबऱ्याच्या पायरीला लागलं, जरा वेळ तिथे उभं राहिलं आणि कुणी आत बोलावत नाही असं पाहून हळूहळू मागे सरलं. त्या वर्षी टोल्यातली एकही भिंत पडली नाही. बकाबाईने भांडी उचलली आणि म्हणाली, "चाला, भात टाकतो."

"पाय धुऊन गेला जी," पाहुणे म्हणाले. त्यांनी टमरेल मांडीवरून खाली ठेवलं.

गावाने पाहुण्यांचा सत्कार ठेवला. आता बघा माझी अवस्था. मंडप माझा, बिछायत माझी, माईक माझा, आणि त्या माईकवरून पाहुण्यांची स्तुती करायची तीही मीच! मी केली. विशेषणं एवढी वापरली की पुढच्या दोन लग्नांना पुरली नाहीत. शेला, टोपी, नारळ झाल्यावर पाहुण्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी माईक लांब धरला, मला तो जवळ न्यावा लागला. ते म्हणाले, "मी लई नाई बोलत. पन एक खरं सांगतो. हे रान माह्या एकट्याचं नाई. अर्धं माह्या साल्याचं हाये. त्यानं जर लावलं नसतं, तं काई खरं नव्हतं."

मी शर्टाची कॉलर नीट केली. आता सगळे माझ्याकडे वळतील! आणि काय झालं? सरपंचाने मान ताठ केली. पोलीस पाटलाने हात जोडले. गिरणीवाला लाजून खाली पाहू लागला. मंडपातला प्रत्येक पुरुष साला होता, आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच म्हणाले. टाळ्या अशा पडल्या की कनात हलली. आयुष्यात एकदा या माणसाने माझं नाव घेतलं, आणि नेमकं तेच घेतलं नाही!

घरी येऊन मी बाजेवर आदळलो, तेव्हा पुस्तकला पोट धरून हसत होती. म्हणाली, "काऊन जळून राहिले? पाव्हने पह्यल्याच वर्षी मले म्हनले होते. मंडपवाल्याले कर म्हनलं तं करत नाई. तुमच्यानं होत नाई म्हनलं का मरतपावतो करते. त्या दिवशी मी दुधाचा चहा पाजला होता, तवाच ठरलं होतं."

म्हणजे माझा मत्सर, जो मी इतकी वर्षं घाम गाळून जोपासला, तोसुद्धा त्यांनीच लावला होता! त्यालाही त्यांनीच पाणी घातलं होतं, रोज धुऱ्यावर येऊन, च्यक करून.

शेवंताबाई गेल्यावर पाहुण्यांचं घर रिकामं झालं. त्यांची एकच मुलगी, नदीपल्याड दिलेली. ती न्यायला आली. निघायच्या दिवशी सगळं गाव बसथांब्यावर. पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायचं असतं, आणि या पाहुण्याला पोचवायला आमच्या गावाला एवढी वर्षं लागली. मिशीचा कलप उडाला होता, आणि तो पांढरेपणा मला बघवला नाही. मी म्हटलं, "पाव्हने, आता तिकडे तरी तुम्हाला नावाने हाक मारतील."

"कायची जी!" ते हसले. "जनमभर सासऱ्याच्या घरी पाव्हना होतो. आता जवायाच्या घरी पाव्हना." मग त्यांनी टमरेल माझ्या हातात दिलं. "हे घेऊन तिथं गेलो तं पोरीची बदनामी होईल. तुमी ठेवा. तसं बी तुमच्यानं रोज जानं नाई होत."

बस गेली. मी तिथेच उभा राहून त्यांना चार शिव्या दिल्या, माईकशिवाय.

आता पावसाळ्यात त्यांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, एकच विचारतात, "पाव्हना बसला का जी?" मी म्हणतो, बसला. गाव अजून दोन्हीकडच्या उताराला मिळून पाव्हन्याचं रान म्हणतं. मी माझ्या बाजूला माझ्या नावाचा भलामोठा फ्लेक्स लावला होता, माझ्याच बांबूने तो दोन पावसाळ्यांत झाकून टाकला. आणि रोज सकाळी मी टमरेल घेऊन बर्डीवर जातो. धुऱ्यावर मोकळी जागा दिसली की एखादं रोप लावतो, कारण माझ्याने होत नाही म्हणाले होते.

परवा खाली उतरत होतो, तर टोल्यात नव्याने आलेली एक सून नळावर पाणी भरत होती. माझं टमरेल पाहून तिने पदराआड तोंड दाबलं आणि बकाबाईला विचारलं, "घरी संडास नाई का जी यायच्या? कोन हायेत हे?"

बकाबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "हसू नोको व. तो पाव्हन्याचा साला होय."

सरपंच तिथेच उभा होता. पोलीस पाटीलही होता. या वेळी एकानेही मान ताठ केली नाही.